जोर दिला की चेन उडते, केबल ताणूनही पुन्हा उडतेच: खरं कारण कसं शोधायचं

चढ लागतो, पेडलवर जोर दिला जातो आणि मागून 'खट्' असा आवाज येऊन पाय एकदम पुढे निसटतो. सायकल दुकानात नेली की कारागीर केबल थोडी ताणून देतो. पाच मिनिटांचं काम, स्टँडवर सगळे गिअर छान पडतात. पुढच्या आठवड्यात बोपदेव घाटात किंवा सिंहगडाच्या वळणांवर पुन्हा तेच. माझ्याकडे ओळखीपाळखीच्या लोकांच्या ज्या माउंटन बाइक येतात, त्यांत ही तक्रार सगळ्यात नेहमीची. आणि बहुतेक वेळा केबलचा त्यात काहीच दोष नसतो.

नवीन केबल घातल्यावर आउटरची, म्हणजे बाहेरच्या नळीची टोकं टोप्यांमध्ये नीट बसतात, इनर, म्हणजे आतली तार, जरा सैल पडते आणि एकदा ताण वाढवावा लागतो. इथपर्यंत ठीक. पण त्यानंतरही दर पंधरवड्याला बॅरल ॲडजस्टर, म्हणजे केबलचा ताण कमी-जास्त करणारा गोल स्क्रू, फिरवावा लागत असेल, तर बिघाड दुसरीकडे आहे आणि बॅरल फिरवून तो फक्त झाकला जातोय. म्हणून बॅरलला हात लावायचा तो सगळ्यात शेवटी. आधी चेन, मग हँगर (मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणारा भाग, ज्याला लटकतो तो पत्रा), मग केबल आणि तिचा आउटर, आणि हे तिन्ही ठीक असतील तरच गिअरची जुळवणी. हा क्रम मी मोडत नाही, कारण वाकड्या हँगरवर केलेली जुळवणी टिकत नाही आणि झिजलेल्या चेनवर केलेली तर घाट लागेपर्यंतही टिकत नाही.

नेमकं काय होतंय ते आधी ओळखा

'गिअर सटकतो' या एका तक्रारीखाली तीन वेगळे बिघाड असतात.

पहिला: चेन शेजारच्या चक्रीवर, म्हणजे मागच्या चाकावरच्या शेजारच्या दातेरी चाकावर, चढते किंवा उतरते आणि थोड्या वेळाने परत येते. म्हणजे तुम्ही शिफ्टरला, म्हणजे हँडलवरच्या गिअर बदलायच्या लिव्हरला, हात न लावता गिअर बदलतो. हा हँगरचा, केबलचा किंवा जुळवणीचा दोष.

दुसरा: चेन त्याच चक्रीवर राहते, पण जोर आला की दातांवरून एक घर पुढे उडी मारते. ही झीज. यावर केबल ताणून काडीचाही फरक पडत नाही.

तिसरा: पेडल अचानक मोकळं फिरतं, चेन मात्र चक्रीवरून हललेली नसते. चेन आणि चक्री दोन्ही पुढे गेल्या, चाक मागे राहिलं. हा फ्रीव्हीलच्या किंवा फ्रीहबच्या आतल्या कुत्र्यांचा दोष, म्हणजे एका दिशेला पकडणाऱ्या त्या छोट्या खटक्यांचा. घाण आणि घट्ट झालेल्या ग्रीसमुळे ते वर उठत नाहीत, किंवा त्यांची टोकं झिजलेली असतात. अशी सायकल चढावर चालवू नका. उभं राहून जोर देताना खटके सुटले तर माणूस थेट हँडलवर आदळतो.

तिन्हींतला फरक ओळखायला मित्राला शेजारून सायकल चालवायला सांगा आणि हलक्या चढावर त्याला तुमची मागची चक्री बघू द्या. एकटे असाल तर फोन चेनस्टेला (पेडलकडून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या नळीला) बांधून व्हिडिओ घ्या. स्टँडवर हे कळत नाही, कारण तिथे चेनवर भारच नसतो. दुकानातून 'ठीक करून' आणलेली सायकल रस्त्यावर पुन्हा बिघडते ती म्हणूनच.

दुसरी खूण म्हणजे ठेका. धक्का कितीव्या फेऱ्याला येतो ते मोजा. पेडलच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा, ठराविक जागी येत असेल तर पुढच्या चेनव्हीलचा (पेडलजवळच्या दातेरी चाकाचा) दात वाकलाय किंवा झिजलाय. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला येत असेल तर मागच्या चक्रीचा. आणि तीन-साडेतीन फेऱ्यांनी एकदा येत असेल तर चेनचं एखादं कडं अडकतंय. हिशेब सोपा आहे: चेन ११२ कड्यांची आणि पुढचं चेनव्हील ३४ दातांचं असेल, तर ११२ भागिले ३४, म्हणजे पेडलच्या साधारण सव्वातीन फेऱ्यांनी तेच कडं त्याच जागी परत येतं. अडकलेलं कडं शोधायला चेन सगळ्यात लहान चक्रीवर टाका आणि पेडल हळूहळू उलटं फिरवा. ते कडं डिरेलरच्या दोन छोट्या चाकांमधून जाताना डिरेलरचा पिंजरा टचकन पुढे उडतो. ते कडं दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी आडवं, म्हणजे डावी-उजवीकडे हलकं वाकवा आणि तेलाचा थेंब सोडा. बहुतेक वेळा मोकळं होतं. पिन बाहेर आलेली दिसली तर मात्र तो तुकडा काढून क्विक लिंक, म्हणजे चेन जोडायचं सुटं कडं, टाकणंच बरं.

चेन मोजा, नजरेने ठरवू नका

चेन 'ताणली गेली' असं आपण म्हणतो. पण लोखंडी पट्ट्या ताणल्या जात नाहीत. आतल्या पिना आणि त्यांच्याभोवतीची भोकं झिजतात, प्रत्येक जोडात केसभर जागा होते आणि शंभरावर जोडांमध्ये मिळून चेन लांब होते. सायकलच्या चेनचा प्रत्येक सांधा अर्ध्या इंचावर असतो, म्हणजे १२.७ मिलिमीटर. तेव्हा नव्या चेनवर २४ सांध्यांचं अंतर बरोबर १२ इंच भरायला हवं.

यासाठी महागडं गेज लागत नाही. शाळेतली नव्हे, हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी स्टीलची पट्टी घ्या. चेन सायकलवरच असू द्या, पेडलवर हलका हात ठेवून वरची बाजू ताठ करा. एका पिनेच्या मध्यावर पट्टीचा शून्य ठेवा आणि ती सोडून पुढची २४वी पिन बघा. ती बरोबर १२ इंचाच्या रेघेवर असेल तर चेन नवी आहे. अर्धं सूत, म्हणजे १/१६ इंच पुढे गेली असेल तर झीज अर्ध्या टक्क्याला पोचली. ११ आणि १२ स्पीडच्या (म्हणजे मागे तेवढ्या चक्र्या असलेल्या सायकलच्या) चेन इथेच बदलाव्यात. ७, ८, ९ आणि १० स्पीडला पाऊण टक्क्यापर्यंत थांबता येतं, म्हणजे अर्ध्या सुतापेक्षा जरा जास्त. पूर्ण सूत पुढे गेली असेल तर आता फक्त चेन बदलून भागणार नाही. मागच्या चक्र्याही तिच्याबरोबर झिजल्या आहेत.

नवी चेन टाकली आणि त्याच दिवशी उडायला लागली, की अनेकांना वाटतं चेन खराब निघाली. चेन ठीकच असते. लांबलेल्या जुन्या चेनने चक्रीचे दात स्वतःच्या मापाने घासून घेतलेले असतात. नवी चेन बरोबर अर्ध्या इंचाच्या मापाची, ती त्या घासलेल्या दातांत बसत नाही, भार आला की वर चढते आणि उडते. हे सगळ्या चक्र्यांवर सारखं होत नाही. तुम्ही जी चक्री जास्त वापरता तिच्यावर आधी होतं, आणि कमी दातांच्या चक्र्यांवर लवकर होतं, कारण तिथे भार मोजक्या दातांवर वाटला जातो. म्हणून 'तिसऱ्या-चौथ्या गिअरला उडते, बाकी ठीक' हे वाक्य ऐकलं की मी केबलकडे बघतही नाही.

दात बघायचे असतील तर घासलेटाने पुसून उन्हात नेऊन बघा. चांगल्या दाताच्या दोन्ही कडा साधारण सारख्या असतात. झिजलेल्या दाताची एक बाजू खोलगट होते आणि टोक एका दिशेला झुकतं. मात्र शिमानोसारख्या कंपन्यांच्या चक्र्यांवर काही दात मुद्दामच आखूड किंवा तिरके कापलेले असतात, गिअर सहज चढावा म्हणून. एखादाच दात वेगळा दिसला म्हणून घाबरू नका. त्याच चक्रीच्या शेजारच्या दहा दातांशी ताडून बघा.

बदलताना एक गोष्ट आधी पक्की करा: मागे फ्रीव्हील आहे की कॅसेट. २१ गिअरच्या स्वस्त माउंटन बाइकना बहुधा ७ चक्र्यांचं फ्रीव्हील असतं, जे हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) आट्यांनी बसतं. कॅसेट म्हणजे हबवर सरकवून बसवलेला चक्र्यांचा संच, तो लॉकरिंग नावाच्या आट्यांच्या कड्याने आवळलेला असतो. फ्रीव्हील काढायचं हत्यार वेगळं, कॅसेटच्या लॉकरिंगचं वेगळं. दिसायला दोन्ही सारखी, पण चुकीचं घातलं तर खाचा उडतात. फ्रीव्हील पेडल मारता मारता घट्ट होत जातं, त्यामुळे हातातल्या पान्याने सहसा सुटत नाही. हत्यार व्हाइसमध्ये पकडा, चाक आडवं त्यावर ठेवा आणि चाकच स्टिअरिंगसारखं डावीकडे फिरवा. नवं बसवताना आट्यांना ग्रीस लावायला विसरू नका. कॅसेटला मात्र चेन व्हिप, म्हणजे चक्री धरून ठेवणारं हत्यार, लागते, आणि लॉकरिंग परत बसवताना ते ४० न्यूटन-मीटरला आवळतात, म्हणजे चांगला जोर लावून. सैल राहिलेल्या लॉकरिंगमुळे चक्र्या किंचित हलतात आणि गिअर कधी नीट, कधी बिघडलेला असं होतं. चक्री हाताने धरून हलवून बघायला दहा सेकंद लागतात, ते आधीच करा.

हँगर, ज्याकडे कुणी बघत नाही

मागचा डिरेलर ज्या छोट्या पत्र्याला लटकतो, तो हँगर. ॲल्युमिनियमच्या फ्रेमला हा सुटा आणि मुद्दाम नरम ठेवलेला असतो, धक्का बसला तर फ्रेमऐवजी तो वाकावा म्हणून. सायकल उजव्या कुशीवर पडली, लोकलच्या लगेज डब्यात दुसऱ्या सायकलीखाली आली, कारच्या मागच्या रॅकवर घासली, पार्किंगमध्ये कुणी बाइक टेकवली, की हा वाकतो. आणि इतका थोडा वाकतो की नजरेला येत नाही.

तरी इतक्या थोड्याने एवढा फरक का पडतो? ७ स्पीडच्या मागच्या दोन चक्र्यांत ५ मिलिमीटर अंतर असतं, ८ स्पीडला ४.८, ९ स्पीडला ४.३५, १० स्पीडला ३.९५. शिफ्टरचा प्रत्येक खटका डिरेलरला नेमकं तेवढंच सरकवतो. शिमानोने १९८४ साली ड्युरा-एस या आपल्या रेसिंगच्या संचात खटक्याने गिअर पडण्याची पद्धत आणली. त्याआधी बहुतेक सायकलींवर लिव्हर हाताने सरकवून, आवाज ऐकून चेन मध्यावर आणावी लागायची, त्यामुळे हँगर थोडा वाकडा असला तरी चालवणाऱ्याचा हात ते सांभाळून घ्यायचा. खटक्याला ते जमत नाही.

वाकलेल्या हँगरची खूण अगदी ठराविक आहे. लहान चक्र्यांवर गिअर शांत करा, मोठ्या चक्र्यांवर खडखड सुरू होते. मोठ्यांवर शांत करा, लहानांवर चेन उड्या मारते. बॅरल कुठेही ठेवला तरी सगळे गिअर एकाच वेळी नीट पडत नाहीत. दुकानातून सायकल आणल्यावर 'सगळे पडतात, फक्त दोन नाही' असं वाटत असेल तर इथेच बघा.

पहिली तपासणी डोळ्यांनी: सायकल उभी करा, मागे जाऊन जमिनीवर बसा, चेन मधल्या चक्रीवर. मागून बघताना डिरेलरची दोन्ही छोटी चाकं आणि वरची चक्री एका उभ्या रेषेत दिसायला हवीत. खालचं चाक स्पोककडे झुकलेलं दिसलं तर हँगर आत वाकलाय. अशा वेळी पहिल्या गिअरवर, म्हणजे सगळ्यात मोठ्या चक्रीवर टाकूच नका. डिरेलर स्पोकमध्ये गेला तर हँगर, डिरेलर आणि चार-सहा स्पोक एका झटक्यात जातात, आणि तेही तुम्ही चढावर हळू चालत असताना.

नजरेला न दिसणारा बाक मोजायला हँगर गेज मिळतं, पण घरच्या घरी दुसऱ्या चाकाने काम होतं. डिरेलर हँगरला ज्या आट्यांनी बसतो ते एम१० बाय १ (१० मिलिमीटर जाडी, १ मिलिमीटर पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर), आणि क्विक रिलीजच्या, म्हणजे लिव्हर उघडून सुटणाऱ्या, बऱ्याच मागच्या चाकांच्या पोकळ ॲक्सललाही हेच आटे असतात. ५ नंबरच्या ॲलन कीने डिरेलर सोडवा, बाजूला लटकू द्या. दुसऱ्या सायकलीच्या मागच्या चाकाचा क्विक रिलीजचा दांडा काढा आणि ॲक्सलचं डावं टोक हँगरमध्ये हाताने फिरवून बसवा. हाताने सहज गेलं पाहिजे. अडलं तर तिथेच थांबा, कारण साध्या नटबोल्टच्या एम१० ला दीड मिलिमीटरचा पिच असतो आणि जुन्या भरीव ॲक्सलचे आटे इंचाच्या मापाचे असतात. यांतलं काहीही जबरदस्तीने घातलं तर हँगरचे आटे कायमचे गेले.

आता दोन चाकं शेजारी-शेजारी उभी दिसतील. त्यांच्या दोन रिममधलं अंतर वर, खाली, पुढे आणि मागे अशा चार जागी मोजा. तुमच्या सायकलचं चाक स्वतः सरळ आहे ना, ते आधी बघून घ्या. चारही ठिकाणी अंतर सारखं असेल तर हँगर सरळ. फरक ४ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर सरळ करायचा. बाहेरचं चाक दोन्ही हातांनी रिमवर धरा आणि हळूहळू, थोडं थोडं वाकवा, परत मोजा. चाकाइतका लांब दांडा हातात असल्यावर जोर फार लागत नाही, म्हणून झटका देऊ नका. ॲल्युमिनियमचा हँगर एकदा सरळ केला की वापरता येतो. तोच परत वाकला तर नवा घ्या, कारण दर वेळी धातू कमजोर होत जातो आणि आट्यांशी चीर पडते. नवा घेताना जुना सोबत न्या किंवा दोन्ही बाजूंचे फोटो. हँगरचे शेकड्यांनी आकार आहेत आणि भोकांत मिलिमीटरचा फरक असला तरी बसत नाही. तुमच्या सायकलचा एक जास्तीचा हँगर सॅडलखालच्या पिशवीत असावा असं मी सगळ्यांना सांगतो. लांबच्या ट्रेलवर तो ट्यूबइतकाच गरजेचा ठरतो.

बऱ्याच स्वस्त सायकलींना फ्रेमचा हँगर नसतो, डिरेलर ॲक्सलच्या नटाखाली अडकवलेल्या पत्र्यावर असतो. पंक्चर काढताना चाक उघडलं की हा पत्रा जागचा हलतो. पंक्चरनंतर गिअर बिघडण्याचं कारण बरेचदा एवढंच: नट ढिला करा, पत्रा खाचेत नीट बसवा, सायकल जमिनीवर उभी ठेवून चाक पूर्ण आत दाबा आणि मग आवळा. क्विक रिलीजचं चाकही असंच, सायकल जमिनीवर असतानाच आवळावं. उलटी करून आवळलं तर ॲक्सल कधीकधी तिरका बसतो.

केबल ताणू नका, आधी ती सरकते का ते बघा

मोठ्या चक्रीकडे गिअर झटकन चढतो, पण लहान चक्रीकडे उतरताना उशीर करतो किंवा दोन खटके एकदम घेतो, हे लक्षण केबल अडकल्याचं. चढवताना तुमचा अंगठा ओढतो. उतरवताना मात्र डिरेलरची स्प्रिंग एकटीच ओढत असते आणि आत घाण असेल तर तिचा जोर पुरत नाही.

पुण्या-साताऱ्याकडे पावसाळ्यात हा दोष जवळपास ठरलेला. डिरेलरजवळचा आउटरचा शेवटचा बाक खाली झुकलेला असतो, वरून इनरवरून ओघळलेलं पाणी त्यात उतरतं आणि काळ्या मातीचा बारीक गाळ तिथे बसतो. दुसरी जागा पेडलच्या खाली: बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पेडलचा ॲक्सल जिथे फिरतो त्या नळीच्या, तळाशी प्लॅस्टिकची खाच असते, तिच्यातून उघडी केबल जाते. सायकल उलटी करून बघितलीत तर तिथे वाळलेल्या चिखलाचा आख्खा गोळा सापडेल.

फ्रेमवर आउटर अडकवायला उघड्या खाचा असतील तर तो मोकळा करणं सोपं. चेन मोठ्या चक्रीवर न्या, मग पेडल न फिरवता शिफ्टर लहान चक्रीपर्यंत सोडा. केबल ढिली पडते, आउटर खाचांतून निघतो. तो इनरवर मागे-पुढे सरकवून बघा. जिथे खरखर लागते तोच तुकडा बदला. आतून ग्रीस भरू नका. आतल्या प्लॅस्टिकच्या नळीला त्याची गरज नसते आणि पुढच्या पावसात त्याच ग्रीसला माती चिकटते.

बदलताना आउटर गिअरचाच घ्या. हे मी ठासून सांगतोय, कारण बऱ्याच छोट्या दुकानांत ब्रेकचाच आउटर कापून गिअरला घालतात. ब्रेकचा आउटर साधारण ५ मिलिमीटर जाड आणि त्याची तार गुंडाळलेली. गिअरचा ४ मिलिमीटरचा, आणि त्यातल्या तारा लांबीच्या दिशेने सरळ. गुंडाळलेल्या तारेचा आउटर हँडल वळवलं किंवा जोर पडला की दबतो, त्याची लांबी बदलते आणि गिअर जागचा हलतो. कितीही जुळवणी करा, पहिल्या वळणाला बिघडणार. उलट चूक तर जिवावर बेतू शकते: गिअरचा आउटर ब्रेकला कधीही घालू नका, जोराने ब्रेक दाबला की तो फाटतो.

कापायला केबल कटर वापरा. साध्या पक्कडने तोंड चेपतं. कापल्यावर आतली नळी दाभणाने गोल उघडा, टोक सपाट घासा आणि प्रत्येक टोकाला टोपी घाला. टोपीशिवायचा आउटर खाचेत तिरका बसतो. डिरेलरजवळचा तुकडा फार आखूड ठेवू नका, बाक सावकाश घ्यायला हवा.

आता, आणि आत्ताच, जुळवणी

चेन ठीक, हँगर सरळ, केबल मोकळी. आता चेन सगळ्यात लहान चक्रीवर, केबल बोल्टमधून सोडवलेली, बॅरल पूर्ण आत आणि मग दोन फेरे बाहेर. एच लिहिलेल्या स्क्रूने डिरेलरचं वरचं चाक त्या चक्रीच्या बरोबर खाली आणा. केबल हाताने ओढून बोल्ट आवळा. पक्कडने ताणू नका, हाताचा ताण पुरतो.

एक खटका द्या, पेडल फिरवा. चेन दुसऱ्या चक्रीवर जायला टाळाटाळ करत असेल तर बॅरल पाव फेरा बाहेर, म्हणजे घड्याळाच्या उलट. दुसऱ्यावर जाऊन तिसऱ्याला घासत असेल तर पाव फेरा आत. मग एकेक करत वर आणि परत खाली. शेवटी एल स्क्रू: मोठ्या चक्रीवर चेन असताना डिरेलर हाताने स्पोककडे ढकलून बघा. त्याने त्या चक्रीपलीकडे जाता कामा नये. बी स्क्रूने वरचं चाक आणि सगळ्यात मोठी चक्री यांत ५ ते ६ मिलिमीटर ठेवा. १२ स्पीडच्या मोठ्या कॅसेटना हे अंतर जास्त असतं आणि कंपनीचं माप वेगळं असतं.

डिरेलरचं वरचं छोटं चाक डावी-उजवीकडे थोडं हलतं म्हणून लोक ते बदलतात. शिमानोच्या बऱ्याच डिरेलरमध्ये ते मुद्दाम तसं असतं, चेन स्वतःहून मध्यावर यावी म्हणून. खालचं चाक डुलत असेल किंवा दात काट्यासारखे टोकदार झाले असतील, तर मात्र दोन्ही बदला.

पावसात टिकवायचं असेल तर

गाड्या धुण्याच्या सेंटरवरचा प्रेशर सायकलवर मारू नका. पाणी हबच्या आणि फ्रीव्हीलच्या आत जातं आणि ग्रीस बाहेर येतं. चिखल वाळायच्या आत बादलीभर पाणी, जुना ब्रश, मग फडक्याने कोरडी. चेनच्या प्रत्येक रोलरवर आतल्या बाजूने एकेक थेंब तेल, पेडल उलटं फिरवत. थोडा वेळ थांबा आणि बाहेरचं तेल पूर्ण पुसून टाका. तेल रोलरच्या आत हवं, बाहेर राहिलेलं फक्त धूळ ओढतं. इंजिन ऑइल घालणाऱ्यांची चेन दोन दिवसांत काळी होते ती यामुळे, आणि ती काळी पेस्ट म्हणजे अक्षरशः घासपूड. शिलाई मशीनचं तेल उन्हाळ्यात चालतं, पण पातळ असल्याने एका पावसात धुऊन जातं. डब्ल्यूडी-४० चा नेहमीचा निळा-पिवळा डबा पाणी आणि घाण काढायला चांगला, चेनचं तेल म्हणून नाही. ते फवारल्यावर वेगळं तेल घालावंच लागतं.

बदल करून घेतल्यावरच त्रास सुरू झाला असेल तर

घाटासाठी मागे मोठी चक्री लावून घेतली आणि तेव्हापासून चेन उडते, अशी सायकल आली की मी आधी दात मोजतो. डिरेलरची चेन सांभाळण्याची क्षमता ठरलेली असते. पुढच्या मोठ्या-लहान चेनव्हीलमधला फरक आणि मागच्या मोठ्या-लहान चक्रीतला फरक यांची बेरीज तिच्या आत हवी. पुढे ४२-३४-२४ आणि मागे १४-२८ असेल तर १८ अधिक १४, म्हणजे ३२. मागे ११-३४ टाकलं की तीच बेरीज ४१ होते. आखूड पिंजऱ्याचा डिरेलर हे पेलू शकत नाही. चेन एका टोकाला लोंबते, दुसऱ्या टोकाला तटतटते. जुनीच चेन ठेवली असेल तर ती मोठ्या चक्रीला आखूड पडते. माप असं घ्या: चेन डिरेलरमधून न घालता पुढच्या मोठ्या आणि मागच्या मोठ्या चक्रीवरून गुंडाळा, जिथे टोकं भेटतात त्यात एक इंच, म्हणजे दोन कडी जास्त ठेवा.

शिमानोचे ७, ८ आणि ९ स्पीडचे माउंटन बाइक डिरेलर एकमेकांच्या जागी चालतात, कारण केबल जितकी ओढली जाते तितकं सरकण्याचं प्रमाण तिन्हींत एकच आहे. १० स्पीडपासून ते प्रमाण बदललं. म्हणून १० चा डिरेलर ९ च्या शिफ्टरला लावला तर कुठल्याच बॅरलने, कुठल्याच कारागिराकडून तो जुळणार नाही. शिफ्टर आणि कॅसेट मात्र कायम एकाच स्पीडचे हवेत.

पुढचा डिरेलर काढून एकच चेनव्हील ठेवायचं असेल तर जाड-बारीक दात आलटून-पालटून असलेलं नॅरो-वाइड चेनव्हील घ्या. मधलं जुनंच चेनव्हील एकटं ठेवलं तर दगडांच्या उतारावर चेन खाली पडत राहते, कारण त्याचे दात चेन सोडायलाच आखूड केलेले असतात. क्लचचा, म्हणजे पिंजरा सहज हलू न देणारा, मागचा डिरेलर सोबत असेल तर चेनचं हेलकावणंही कमी होतं. आणि फ्रीव्हीलच्या हबवर हा सगळा खर्च करण्याआधी मागचं चाक कॅसेटचं करून घ्या. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजव्या बाजूचं बेअरिंग बरंच आत असतं, ॲक्सलचा मोठा भाग आधाराविना राहतो, आणि खडकाळ वाटांवर तो तिथेच वाकतो.